जेवायच्या हाताला

"वैजू, सतराचा पाना दे," गाडीखालून आवाज आला.

मी पाना आत सरकवला. तात्यांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, फक्त पाय बाहेर दिसत होते. एका पायात त्यांचा मोजा होता आणि दुसऱ्यात माझा, कारण सकाळी अंधुक उजेडात जो हाताला लागला तो त्यांनी चढवला होता. जर्मनीतल्या आमच्या छोट्या गावात, इमारतीच्या पार्किंगमध्ये, शनिवारी सकाळी एक साठीचा माणूस पुठ्ठा अंथरून गाडीखाली झोपलाय, हे दृश्य तिथं रोजचं नव्हतं. वरच्या गॅलरीतून लिंडनरबाई कॉफीचा मग घेऊन खाली बघत होत्या. त्यांचा तो दुसरा मग असावा.

"ती बाई मघापासनं काय बघतीय?" तात्यांनी खालूनच विचारलं.

"इथं कुणी स्वतः गाडी उघडत नाही, तात्या. गॅरेजला देतात."

"मग गाडी वळखीची कशी हुती?"

ती निळी, जुनी, छोटी गाडी दीड वर्ष माझ्याकडे होती आणि तिच्या बॉनेटखाली मी दोनदाच डोकावले होते, तेही काच पुसायचं पाणी भरायला. आणि मी म्हणे ब्रेकची इंजिनिअर.

याला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत गणितं करायचे. अमुक वजनाची गाडी अमुक वेगानं उतारावर आली तर ब्रेकची तबकडी किती तापेल, हे मी कॉम्प्युटरवर काढून द्यायचे आणि माझे आकडे सहसा चुकत नसत. खरी गाडी घेऊन रस्त्यावर चाचणी करणारा गट वेगळा होता. त्या गटात सप्टेंबरपासून एक जागा रिकामी होणार होती आणि मला ती हवी होती. इतकी हवी होती, की एरवी साहेबाच्या केबिनकडे न फिरकणारी मी दोनदा जाऊन विचारून आले.

क्रॅमर साहेब मितभाषी माणूस. दुसऱ्या खेपेला म्हणाले, "तुमची गणितं बरोबर असतात. तुमच्या पायाला काही कळतं का, ते मला माहीत नाही. सुट्टीच्या दिवशी न्यूर्बुर्गरिंगला जा. स्वतःच्या गाडीनं दहा फेऱ्या मारा. कुठलंही यंत्र लावू नका. ब्रेक तुम्हाला काय सांगतो ते प्रत्येक फेरीनंतर लिहा आणि सोमवारी माझ्या टेबलावर ठेवा." मी उठले तेव्हा पाठीमागून म्हणाले, "नाही जमलं तरी बिघडत नाही. गणितं आहेतच."

ते शेवटचं वाक्य मला जास्त लागलं.

न्यूर्बुर्गरिंगचं नाव मोटारींचं वेड असलेल्या कुठल्याही पोराला विचारा. डोंगरातून, जंगलातून फिरणारा एकवीस किलोमीटरचा ट्रॅक, सत्तरच्या वर वळणं, तीनशे मीटरचा चढउतार. शर्यती नसतात त्या दिवशी लायसन आणि तिकीट असलेल्या कुणालाही तिथं गाडी घालता येते. तुमच्या मागून कोण येईल याचा नेम नसतो. हळू जाणाऱ्यानं उजवीकडे राहायचं आणि वेगवान गाडीला डावीकडून जाऊ द्यायचं, एवढा नियम मात्र सगळ्यांना पाळावाच लागतो. त्यात चुकलं तर मग काही खरं नसतं.

तात्या तीन आठवड्यांपूर्वी आले होते. आई आली नाही. दोन म्हशी आणि एक भिशी सोडून ती विमानात बसणं शक्यच नव्हतं. तात्या म्हणजे केरबा लाड, बत्तीस वर्षं लाल गाडीचे ड्रायव्हर, त्यातली सव्वीस आंबा घाटात. निवृत्तीला दोन वर्षं झाली होती. माझ्याकडे आल्यावर पहिले काही दिवस ते अगदीच मिटून गेले. इथली बस वेळेवर येते, कुणी लोंबकळत नाही, कुणी भांडत नाही, याचंच त्यांना वाईट वाटायचं. "हितं ड्रायव्हरला काय कामच न्हाई," म्हणायचे. मी त्यांना त्या ट्रॅकचा व्हिडिओ दाखवला, तो निव्वळ त्यांचा वेळ जावा म्हणून.

एक जण सुसाट गाडी मारत होता. तात्यांनी चष्मा पुसला.

"ह्येच्या मागं कोण लागलंय?"

"कुणी नाही. हौस."

"बरं." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मागं घे जरा. त्या झाडापाशी उतार सुरू झाला बघ. ह्यो तरी टॉपमधीच. खाली पूल येईस्तवर ह्येचा ब्रेक काय धरायचा न्हाई."

मी व्हिडिओ मागे घेतला, पुढे नेला. खाली खरंच पूल होता, आणि पुलाच्या अलीकडे तो गाडीवाला जरा जास्तच आडवा झाला होता. तात्यांनी तो व्हिडिओ पहिल्यांदाच बघितला होता.

"तुम्हाला पूल कसा कळला?"

"डोंगर दोन्ही बाजूनं खाली उतरतोय म्हंजे मधी वढा असणारच की. ट्रॅक म्हण न्हाईतर काय बी म्हण. घाटच हाय ह्यो."

त्या दिवसापासून तात्या बदलले. रोज संध्याकाळी मी कामावरून आले की जेवणाच्या टेबलावर वही तयार असायची. एक वळण बघायचं, थांबवायचं, लिहायचं. चढ का उतार, कितवा गिअर, वळणाच्या आधी खूण काय. जर्मन नावं त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केली. "आयत्या येळी तुला आठवायची न्हाईत," म्हणाले आणि घाटातल्या ड्रायव्हर लोकांनी ठेवलेली नावं त्या जंगलाला वाटून टाकली. म्हातारीचं वळण, शिंद्याची टपरी, गळकी टाकी, कुत्रं आडवं येतं ते वळण. एका ठिकाणी काँक्रीटच्या खोलगट भागात चाकं घालून वळायचं असतं. त्यासाठी लोक जगभरातून येतात म्हटल्यावर तात्या बराच वेळ हसत होते. "खड्डा बघाय तिकीट काढून येत्यात? आपल्याकडं फुकट हायती म्हणावं."

मला सत्तर वळणं आठ दिवसांत पाठ झाली. एरवी मला शेजारणीचं नाव लक्षात राहत नाही.

एक सांगायला हवं. तात्यांच्या तोंडी 'ड्रायव्हर' हा शब्द स्वस्त नव्हता. "गाडी चालवणारं पुष्कळ असत्यात," ते म्हणत. "ड्रायव्हर येगळा." सबंध नोकरीत त्यांनी दोनच ड्रायव्हर बघितले. एक शिदू चौगुले. दुसऱ्याचं नाव ते कधी सांगत नसत, आणि ते कोण हे घरात सगळ्यांना माहीत होतं. माझ्याबद्दल ते "चालवती बरी" म्हणायचे. माझ्या भावाबद्दल तेवढंही म्हणत नसत, म्हणून मी समाधानी होते.

त्यांची दुसरी शिकवण बेलची. त्यांचे कंडक्टर इलाही बागवान, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. घाटातली सव्वीस वर्षं दोघं एका गाडीवर. "ड्रायव्हरनं फुडचं बघायचं, कंडक्टरनं मागचं," तात्या सांगायचे. "त्यानं डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलवायची न्हाई. मग डेपो मॅनेजर येऊन बोंबलला तरी." म्हणून शनिवारी गाडीखालून बाहेर आल्यावर, हात पुसत त्यांनी जाहीर केलं, "उद्या मी कंडक्टर. मी मागचं बघतो. तू फुडचं बघ आणि पायाकडं ध्यान दे." ड्रायव्हिंग स्कूलवाले लावतात तसला एक जादा आरसा त्यांनी माझ्याकडून आणवला आणि आपल्या बाजूच्या काचेला चिकटवला. लिंडनरबाईंनी वरून हात हलवला. तात्यांनीही हलवला.

रविवारी सकाळी ते तयार होऊन आले आणि मी बघतच राहिले. अंगात खाकी शर्ट. इस्त्रीचा. खिशावर विनाअपघात सेवेचा बिल्ला. पासपोर्ट, औषधं आणि आईनं दिलेल्या पिठांबरोबर हा शर्ट त्यांनी बॅगेच्या तळाशी घालून आणला होता आणि तीन आठवडे त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"ड्यूटी हाय न्हवं?" ते म्हणाले. मी आरशात बघून केस नीट केले आणि डोळेही पुसले.

ट्रॅकच्या पार्किंगमध्ये आमची निळी गाडी म्हणजे घोड्यांच्या बाजारात शेळी. जमिनीला टेकलेल्या, गुरगुरणाऱ्या गाड्या, हेल्मेटं काखेत धरलेली माणसं. तात्या त्यांच्यातून तपासनिसासारखे फिरून आले, दोघातिघांच्या टायरांना बुटानं ठोकून आले, आणि एकाला तर हवा कमी आहे असं खुणेनं सांगून आले. त्या माणसानं मोजली तर खरंच कमी होती. तो बिचारा आभार मानायला आमच्या गाडीपर्यंत आला.

मग तात्यांनी आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली, समोर हात लावून छातीशी नेला, आत बसले, पट्टा लावला, आरसा नीट केला आणि दारावर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं. टक, टक. मी गाडी सोडली.

पहिली फेरी आम्ही इतक्या सावकाश आणि उजवीकडे इतकं चिकटून मारली, की साइड देण्याची वेळच आली नाही. वळणं मात्र एकामागून एक वहीत होती तशीच येत होती. "आता गळकी टाकी," तात्या म्हणायचे आणि झाडामागून तेच वळण पुढे यायचं. पूल आला, चढ आला, तो काँक्रीटचा खड्डा आला. बाहेर पडले तेव्हा माझी पाठ घामानं भिजली होती आणि मी हसत होते.

दुसऱ्या फेरीत मला जोर आला. पूल ओलांडून लांब चढाला लागलो. वेग बरा होता, इंजिनाचा सूर छान लागला होता, आणि मी आरशात बघायचं विसरले.

"साइड दे," तात्या मोठ्यानं म्हणाले.

माझे हात वळले. डावीकडे.

पुढचं सगळं दोन सेकंदांत झालं. डावीकडूनच येणारी एक चंदेरी गाडी, तिचे किंचाळणारे टायर, लांबलचक हॉर्न, आणि माझ्या खिडकीला लागून सरकलेली तिची भिंतच्या भिंत. मी स्टिअरिंग परत ओढलं. ती गाडी गवताला चाक लावून, सावरून, पुढे निघून गेली. कुणाला काही झालं नाही. आम्ही उरलेली फेरी उजव्या कडेनं पुरी केली.

चूक कशी झाली ते मला तिथंच कळलं होतं. वयाच्या पाचव्या वर्षापासून मी सुट्टीत तात्यांच्या शेजारी, एसटीच्या आतल्या गरम बॉनेटवर गोधडीची घडी टाकून बसायचे. मागून ट्रकचा हॉर्न आला की तात्या "देतो की बाबा साइड" म्हणत गाडी डावीकडे घ्यायचे. साइड म्हणजे डावीकडे. जर्मनीत तीन वर्षं मी उजवीकडून गाडी चालवत होते, परीक्षा देऊन इथलं लायसन काढलं होतं. पण तो शब्द त्या बॉनेटवरचा होता, आणि तो त्याच आवाजात आला. हातांनी मला विचारलंच नाही.

पार्किंगमध्ये गाडी लावली. तात्या उतरले. थोडं पुढे जाऊन फुटपाथच्या कडेला बसले. मी पाण्याची बाटली घेऊन गेले तेव्हा ते खिशावरचा बिल्ला काढत होते. पिन शर्टात अडकली होती. निघाली तशी त्यांनी तो खिशात टाकला.

"तुझी तू जा आता," ते म्हणाले. "मी न्हाई बसत."

"तात्या, चूक माझी. मी आरशात बघितलं नाही."

"बोललं कोण? बत्तीस वरसं एक कुत्रं मारलं न्हाई मी गाडीखाली. आज माझ्या तोंडानं माझी पोरगी मारली असती."

"नाही ना मारली."

"तो पोरगा हुशार म्हणून. आपण न्हाई." ते खाली बघत होते. "आपलं काय बी सांगाय जायचं न्हाई हितं. हितलं हितल्यास्नी ठावं."

मी बाटली त्यांच्याजवळ ठेवली. दुपारचा दीड वाजला होता. ट्रॅक संध्याकाळपर्यंत उघडा होता, आठ फेऱ्या बाकी होत्या, आणि सोमवारी क्रॅमर साहेबांच्या टेबलावर कागद ठेवायचा होता. एकटी गेले असते तरी चाललं असतं. नियम काही कंडक्टर मागत नव्हता. पण खरं सांगते, मला भीती वाटत होती. आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं ते या गोष्टीचं, की हा माणूस आता घरी परत जाईल आणि जन्मभर मनात एवढंच घेऊन बसेल. सप्टेंबरची जागा मला हवीच होती. त्या क्षणी मात्र ती तितकी मोठी वाटली नाही.

मला तेव्हा बागवान चाचांची गोष्ट आठवली. तात्यांनी ती कधीच सांगितली नव्हती. त्यांच्या निवृत्तीला मी सुट्टी काढून गावी गेले होते तेव्हा, जेवणं झाल्यावर, चाचांनी मला बाजूला घेऊन सांगितली होती.

तात्या घाटात नवीन असतानाची गोष्ट. गाडीला उशीर झाला होता म्हणून भरून काढायला त्यांनी घाट वरच्या गिअरात उतरवला, ब्रेकवर भरवसा ठेवून. निम्म्या घाटात ब्रेक तापून गुळगुळीत झाला. त्यांनी गाडी डोंगराच्या बाजूच्या चरीत घातली आणि ती थांबली. पन्नास माणसं, कुणाला ओरखडा नाही. चाकं गार झाली, गाडी पुढे न्यायची वेळ झाली, तर ड्रायव्हर किलोमीटरच्या दगडावर बसलेला. म्हणाला, मी चालवत नाही, दुसरा ड्रायव्हर बोलवा. चाचा म्हणाले, "मी काय समजूत घालत बसलो न्हाई बेटा. लोकांस्नी आत बसवलं, वर चढलो, आणि दोन बेल दिल्या. पाचेक मिनटं बसला तसाच. मग उठला. त्यानंतर सव्वीस वरसं त्यानं घाटात गिअर चुकवला न्हाई."

मी गाडीत जाऊन बसले. दार लावलं आणि हॉर्न दोनदा वाजवला. छोटा, छोटा.

पार्किंगमधली चारदोन माणसं वळली. तात्या वळले नाहीत. पण त्यांची मान जरा वर झाली. मी पुन्हा काही वाजवलं नाही, बसून राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला तो फार वाटला.

मग ते उठले, पँट झटकली आणि माझ्या खिडकीशी आले.

"बागवानानं सांगितलं व्हय तुला?"

"हो."

"तोंडाचा फाटका हाय त्यो." मग म्हणाले, "बेल कंडक्टरनं द्यायची असती. ड्रायव्हरनं न्हाई."

"मग या की आत."

ते लगेच बसले नाहीत. डिकीतून डबा काढून आणला. "आधी जेवू. रिकाम्या पोटी डोस्कं चालत न्हाई." सकाळी त्यांनीच थापलेल्या भाकरी होत्या, झुणका आणि मिरचीचा खर्डा. मी सवयीनं डब्यातला काटा-चमचा उचलला तर त्यांनी तो हातातून काढून घेतला.

"साइड म्हणायचं न्हाई आजपासनं," ते म्हणाले. "तो शबूद बाद."

"मग उजवीकडे म्हणा."

"उजवं-डावं तुला घाईत कधी कळलंय? साळंत जायीस्तवर चपला उलट्या घालायचीस." त्यांनी माझ्या हातावर भाकरी ठेवली. "जेवतीस कुठल्या हातानं?"

"इथं सगळे काटा डाव्या हातात धरतात, तात्या."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी इतकी वर्षं उपाशीच राहिले होते. "मग आज नीट जेव. आणि हात धू नको. पूस नुसता."

मी फुटपाथवर बसून त्या खर्ड्यानं भाकरी खाल्ली. नाकातून पाणी आलं. हात रुमालाला पुसला, पण मिरची ती मिरची. पाचही बोटं चुरचुरायला लागली. तात्यांनी समाधानानं मान हलवली. आत बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, "मी म्हणणार, जेवायचा हात. तिकडं गाडी घ्यायची. बाकी काय इचार करायचा न्हाई."

टक, टक.

तिसऱ्या फेरीत त्याच चढावर मागून एक लाल गाडी आली. "जेवायचा हात," तात्या म्हणाले, आणि त्या चुरचुरणाऱ्या हातानं गाडी आपली आपण उजवीकडे ओढली. लाल गाडीवाला डावीकडून गेला आणि जाताना त्यानं हात वर केला. तात्यांनी खिडकीतून त्याला सलाम ठोकला.

मग आम्ही कामाला लागलो. प्रत्येक फेरीनंतर पार्किंगमध्ये मी लिहायचे आणि तात्या चाकांशी वाकून, हात लांब धरून, कुठलं चाक किती धगधगतंय ते सांगायचे. पाचव्या फेरीत पुलाच्या अलीकडच्या उतारावर ते नाक वर करून म्हणाले, "आला वास." मला काही आला नाही. पुढच्या वळणावर मी ब्रेक दाबला तर तो नेहमीपेक्षा बोटभर खाली गेला आणि मगच धरला. मी थक्क झाले. माझ्या गणितात हे होतं. अमुक तापमानाला पकड कमी होते, त्याची वक्ररेषा मी शंभरदा काढली होती. ती वक्ररेषा माझ्या शेजारी बसून वासानं ओळखणारा माणूस मी लहानपणापासून बघत होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

"आता काय करू?"

"ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. इंजिनाला धरू दे गाडी. ब्रेक शेवटाला, थोडा."

सहाव्या फेरीत मी तसं केलं. पुलाशी आले तेव्हा पायाखालचा ब्रेक घट्ट होता. मी पायानं ऐकत होते, दुसरा शब्द मला सुचत नाही. सातवी, आठवी, नववी. मधेच अर्धा तास ट्रॅक बंद होता, तेवढ्यात तात्यांनी शेजारच्या एका म्हाताऱ्या जर्मन माणसाबरोबर अर्धी भाकरी वाटून खाल्ली. दोघं एकमेकांच्या भाषेत बरंच बोलले. आठव्या आणि नवव्या फेरीच्या मधे कधीतरी त्यांनी बिल्ला पुन्हा खिशावर लावला होता.

दहाव्या फेरीत तात्या बोललेच नाहीत. गळकी टाकी गेली, टपरी गेली, पूल गेला, तरी गप्प. मला वाटलं थकून डोळा लागला. लांब चढावर तिरकं बघितलं तर ते जागे होते. त्यांच्या बाजूचा आरसा त्यांनी छताकडे वळवून ठेवला होता आणि ते समोरच्या काचेतून बघत होते, प्रवाशानं खिडकीची जागा मिळाल्यावर बघावं तसं.

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "मागचं का नाही बघितलंत?"

"तीन गाड्या गेल्या. मी बोलायच्या आधीच तू वाट दिलीस." त्यांनी पट्टा काढला. "मग मी कशाला तोंड वाजवू?"

सोमवारी क्रॅमर साहेबांनी कागद वाचला. उभ्यानं वाचायला सुरुवात केली होती, मधेच खुर्चीवर बसले. पाचव्या फेरीवर बोट ठेवून म्हणाले, "वास एका वळणाआधी आला, असं लिहिलंय. यंत्र लावू नका म्हणालो होतो."

"यंत्र नव्हतं. वडील होते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. वडील काय करतात हे विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी कागदाची घडी न घालता तो आपल्या फायलीत ठेवला आणि म्हणाले, "एक सप्टेंबर. सकाळी सात. उशीर करू नका."

त्या दिवशी मी बसथांब्यापासून घरी धावतच गेले. तात्यांना सांगायचं वाक्य मी बसमध्ये चार वेळा मनात म्हणून बघितलं होतं. दार उघडलं तर ते खिडकीशी उभे राहून आईशी फोनवर बोलत होते. फोनवर ते नेहमी ओरडून बोलतात आणि स्पीकर चालू ठेवतात, म्हणून आईचंही सगळं ऐकू येत होतं. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

"म्हशीनं दूध कमी केलंय," आई म्हणाली. "तुमची सवय झालीय तिला. आणि एवढं महिनाभर ऱ्हायलासा, काय काय बघितलंसा तिकडं?"

"काय बघायचं? रस्तं गुळगुळीत. माणसं गप्प. जेवणात मीठ न्हाई."

"म्हंजे बघण्यासारखं कायच न्हाई?"

तात्यांनी वाकून खाली पार्किंगमधल्या निळ्या गाडीकडे बघितलं.

"तसं न्हाई," ते म्हणाले. "शिदू चौगुल्यानंतर काल एक ड्रायव्हर बघितला."

"कोण ओ? तिथला गोरा?"

"न्हाई. आपली वैजू."

मी सप्टेंबरची बातमी घेऊन आले होते. ती तशीच हातात धरून मी थोडा वेळ दारातच उभी राहिले.